जुन्या सर्व्हरवरचं किल्ल्यांचं फोल्डर: कामाच्या नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

पतसंस्थेचा जुना सर्व्हर महिनाअखेरीला बंद करायचाय. वेबसाइटचं सर्टिफिकेट (साइट आपलीच आहे याचं डिजिटल ओळखपत्र) ४ जुलैला संपतं, म्हणजे हातात जेमतेम महिना. नवा सर्व्हर उभा राहिलाय, पण जुन्यावरचं काय उचलायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला आधी तिथे काय आहे ते कळायला हवं. आज किल्ल्यांचं, म्हणजे माहिती कुलूपबंद करायच्या आणि सही करायच्या डिजिटल ‘की’ फायलींचं, फोल्डर उघडलं. ३८ फायली निघाल्या. नावं बघितली तर ‘न्यू’, ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘जुनं_बॅकअप’, ‘वापरू_नका’. यातली ‘वापरू_नका’ सर्व्हरने मागच्याच आठवड्यात वाचलेली आहे, म्हणजे वापरात तीच आहे.

एक सोय करून घेते. ‘प्रायव्हेट की’, ‘पब्लिक की’ असं लिहायला लागलं की मराठी वाक्यातला ‘की’ आणि हा ‘की’ एकमेकांत अडकतात. म्हणून या नोंदींत खासगी किल्ली आणि सार्वजनिक किल्ली: जोडीतली खासगी आपल्यापाशी गुपित ठेवायची, सार्वजनिक कुणालाही द्यायची.

मूळ फायलींना हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. सगळ्यांची प्रत एका जुन्या लॅपटॉपवर घेतली आणि त्याचं वायफाय कार्ड काढून ठेवलं. सोबतचा मुलगा नवीन आहे, पण हुशार आहे. तो म्हणाला, “ताई, एक साइट आहे. तिथे फाइल पेस्ट केली की आतलं सगळं सुटं करून दाखवते. दहा मिनिटांत होईल.” त्याला म्हटलं, “सार्वजनिक किल्ली खुशाल कुठेही पेस्ट कर, ती त्यासाठीच असते. खासगी किल्ली एकदा जरी दुसऱ्याच्या साइटवर पडली, तरी ती खासगी राहिली नाही असंच धरायचं. साइटवाला चांगला का वाईट, हा प्रश्नच नाही. आपल्याला तपासता येत नाही, एवढं पुरे.” पटलं त्याला.

पहिली चाळणी फक्त शीर्षकाच्या ओळीवरून केली. पाच आडव्या रेघा, बिगिन अमुक अमुक, पुन्हा पाच रेघा. ही पेटी पीईएम नावाची. प्रायव्हसी एन्हान्स्ड मेल ही ईमेल सुरक्षित करायची योजना १९९३ मध्ये आली, ती रुजली नाही, पण तिची ही पेटी मात्र जगभर राहिली. हिशेब असा: ११ सर्टिफिकेटं, ९ ‘आरएसए प्रायव्हेट की’ (आरएसए ही किल्लीची एक जात), ६ नुसती ‘प्रायव्हेट की’, १ ‘एन्क्रिप्टेड प्रायव्हेट की’, ३ ओपनएसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्रॅमच्या) खासगी, ५ एसएसएचच्या एका ओळीच्या सार्वजनिक, २ ‘पब्लिक की’ आणि १ शीर्षक नसलेली बायनरी फाइल.

परवानग्या बघून जीव खाली-वर झाला. २३ फायली ६४४ वर, म्हणजे त्या मशीनवर लॉगिन असलेल्या कुणालाही वाचता येतील अशा. आजपुरतं फोल्डर ७०० केलं, म्हणजे फक्त मालकाला उघडेल असं.

४ जून, बुधवार

ओपनएसएसएलला (किल्ल्या आणि सर्टिफिकेटं हाताळणारा प्रोग्रॅम) ‘टेक्स्ट’ म्हटलं की तो सगळं वाचून दाखवतो. पण मुलाने एक किल्ली तरी स्वतःच्या डोळ्यांनी उघडलेली असावी, नाहीतर छापून आलेलं खरं मानायची सवय लागते. म्हणून २०४८ बिटांची एक सार्वजनिक किल्ली घेतली, बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) उलटवलं आणि २९४ बाइट कागदावर उतरवायला बसलो.

पहिला बाइट ३०. म्हणजे इथून एक गठ्ठा सुरू. पुढचा ८२ सांगतो की लांबी पुढच्या दोन बाइटांत आहे. ते दोन ०१ आणि २२, सोळाच्या पायात. १ गुणिले २५६ अधिक ३४, म्हणजे २९०. हे चार बाइट धरून २९४. फाइल बरोबर तेवढीच. मुलाने मोजून बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

त्याच्या आत दुसरा छोटा गठ्ठा, त्यात ०६ खुणेने सुरू होणारा ओळखक्रमांक: २ए ८६ ४८ ८६ एफ७ ०डी ०१ ०१ ०१. हा आम्ही हाताने सोडवला. २ए म्हणजे ४२. चाळीस-चाळीसचा हिशेब असतो, म्हणून १ आणि २. मग ८६ ४८: बाइटचा सगळ्यात वरचा बिट ‘अजून आहे’ एवढंच सांगतो, तो सोडून ६ गुणिले १२८ अधिक ७२, म्हणजे ८४०. हा अमेरिकेचा देशक्रमांक. पुढच्या तीन बाइटांतून ९८३०४ अधिक १५२३२ अधिक १३, एकूण ११३५४९. हा आरएसए कंपनीचा नंबर. या साच्यातल्या जवळपास प्रत्येक आरएसए किल्लीच्या पोटात ही पाटी असते.

मुलाने लगेच विचारलं, “आपल्या देशाचा नंबर कुठे दिसतो?” प्रश्न छान होता. मॅनेजर साहेबांच्या डिजिटल सहीच्या टोकनमधलं सर्टिफिकेट मागून घेतलं. सर्टिफिकेट सार्वजनिकच असतं, खासगी किल्ली टोकनच्या बाहेर येतच नाही. त्यात पॉलिसीच्या जागी ६० ८२ ६४ ६४ ०२ ०३ सापडलं. ६० म्हणजे ९६, म्हणजे दोनदा चाळीस आणि सोळा: २.१६. पुढे ८२ ६४: २ गुणिले १२८ अधिक १००, ३५६. हा भारत. मग १००, २, ३. शेवटचा ३ म्हणजे क्लास ३ सही. जी सही साहेब दर तिमाहीला रिटर्नवर करतात, तिच्या आत आपला देश असा दोन बाइटांत बसलाय.

परत किल्लीकडे. ओळखक्रमांकानंतर ०५ ००, म्हणजे रिकामं. मग ०३ ची बिटांची पट्टी, तिच्या आत पुन्हा ३० चा गठ्ठा आणि त्यात ०२ चे दोन पूर्णांक. पहिला २५७ बाइटांचा. २०४८ बिट म्हणजे २५६ बाइट, मग एक जास्त कुठून? पूर्णांकाचा सगळ्यात वरचा बिट १ असला तर या पद्धतीत तो ऋण समजला जातो, म्हणून पुढे एक शून्य बाइट लावतात. दुसरा पूर्णांक फक्त तीन बाइटांचा: ०१ ०० ०१, म्हणजे ६५५३७. दोनचा सोळावा घात अधिक एक. त्यात दोनच बिट चढलेले असल्याने १६ वर्ग आणि १ गुणाकार एवढ्यात घात निघतो, म्हणून जवळपास सगळे हाच वापरतात.

यातून नजरेची एक खूण मिळाली. बेस६४ मध्ये फाइल ‘एमआयआयबीआयजे’ने सुरू होऊन ‘एक्यूएबी’वर संपली तर ती २०४८ ची सार्वजनिक किल्ली. ‘एमआयआयईव्ही’ने सुरू झाली तर हात आवरायचा, ती खासगी.

६ जून, शुक्रवार

आज खासगी किल्लीचं पोट. आरएसएच्या खासगी फाइलमध्ये नऊ पूर्णांक असतात. मोठ्या आकड्यांत डोळे फिरतात, म्हणून आम्ही दोघांनी आमची स्वतःची पिटुकली किल्ली बनवली.

दोन मूळ संख्या: ९७ (‘पी’) आणि ८९ (‘क्यू’). गुणाकार ८६३३. हा झाला ‘एन’, तो सार्वजनिक. ‘ई’, म्हणजे सार्वजनिक घात, घेतला ५. आता ‘डी’, म्हणजे खासगी घात, काढायचा. मुलाने दोन्हींतून एकेक वजा करून ९६ गुणिले ८८, म्हणजे ८४४८ धरून पेनाने काढला: ५०६९. मी छोट्या प्रोग्रॅममध्ये ९६ आणि ८८ चा लसावि १०५६ घातला होता, माझा आला ८४५. तो कावरा-बावरा झाला, चूक शोधायला लागला. चूक नव्हती. ५०६९ ला १०५६ ने भागलं तर बाकी ८४५ उरते, आणि दोन्ही आकडे तेच काम करतात. अमेरिकेचं एफआयपीएस १८६-५ हे मानक लसाविचा मागतं, पाठ्यपुस्तकांत बहुतेकदा गुणाकाराचा असतो. दोन प्रोग्रॅम एकाच ‘पी-क्यू’वरून वेगळा ‘डी’ दाखवतात तेव्हा लोक घाबरतात. त्याने ते आज कागदावर पाहिलं, आता घाबरणार नाही.

उरलेले आकडे: ‘डी’ला ९६ ने भागून बाकी ७७, ८८ ने भागून बाकी ५३, आणि ८९ चा ९७ च्या हिशेबातला व्यस्त १२ (८९ गुणिले १२ म्हणजे १०६८, ते ९७ च्या अकरापटीहून एकाने जास्त). म्हणजे फाइलमधला क्रम असा झाला: ०, ८६३३, ५, ८४५, ९७, ८९, ७७, ५३, १२. पहिला शून्य हा आवृत्तीचा.

शेवटचे तीन आकडे नसले तरी चालतं, फक्त वेग जातो. ते असले की मोठं गणित दोन लहान गणितांत मोडता येतं आणि काम साधारण चौपट लवकर होतं. पण मुलाला मी वेगळीच गोष्ट परत परत सांगितली. या फाइलमध्ये ‘एन’ आणि ‘ई’ आहेतच, म्हणून खासगी फाइलमधून सार्वजनिक केव्हाही काढता येते, उलट नाही. आणि डी, पी, क्यू, ७७, ५३ यांतला कुठलाही एक आकडा बाहेर गेला की बाकीचे सगळे त्यातून निघतात. स्क्रीनशॉटमध्ये “फक्त थोडासा भाग दिसतोय” म्हणून सुटका नाही.

९ जून, सोमवार

आजचा दिवस वाईट गेला. सविस्तर लिहिते, कारण हे पुन्हा कुणाला लागेल.

काम साधं होतं: कुठली खासगी कुठल्या सर्टिफिकेटची हे जुळवायचं. पुष्कळ ठिकाणी ‘मॉड्युलस’ (तोच ‘एन’) काढून त्याचा एमडी५, म्हणजे छोटा ठसा, ताडतात. तो उपाय आरएसएपुरताच चालतो, लंबवर्तुळी वक्रावरच्या दुसऱ्या जातीच्या किल्लीला मॉड्युलस नसतोच. म्हणून प्रत्येक फाइलमधून सार्वजनिक भाग एकाच साच्यात काढला, त्याचा एसएचए-२५६ हा ठसा घेतला आणि यादी क्रमाने लावली. बायनरी फाइलही ३० ८२ नेच सुरू होत होती, तीही खासगी निघाली, फक्त पेटीविना. एकूण खासगी २०. त्यातल्या दोन पासफ्रेजने (लांब पासवर्डने) बंद आहेत. उघडणाऱ्या १८ मध्ये वेगळ्या किल्ल्या फक्त ११. बाकीच्या नावं बदललेल्या प्रती.

सार्वजनिक भाग जुळला म्हणजे खासगी धड आहे असं होत नाही, कारण ‘एन’ फाइलमध्ये नुसता लिहिलेला असतो, त्याच्या शेजारचा ‘डी’ भलताच असू शकतो. म्हणून आरएसएच्या प्रत्येक किल्लीवर ‘चेक’ चालवला (पी आणि क्यू खरंच मूळ संख्या आहेत का, गुणाकार जुळतो का) आणि प्रत्येकीने एक सही करून ती तपासली. सगळ्या धड.

मग सर्टिफिकेटं. ११ पैकी २ सर्टिफिकेट देणाऱ्या मधल्या प्राधिकरणाची, ३ किरकोळ. उरलेल्या सहांचा एसएचए एकच आला. मला वाटलं मीच एक फाइल सहादा दिली. परत केलं. तेच. २०१९ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी सर्टिफिकेट नवं आलं, त्यावरची तारीख नवी, क्रमांक नवा, आणि आत किल्ली मात्र सहाही वर्षं तीच. दर नूतनीकरणाला जुनीच सीएसआर (सर्टिफिकेट मागायच्या अर्जाची) फाइल पुढे केली गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर आळस म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच एसएचएच्या खाली आणखी एक फाइल आली. नाव ‘व्हेंडरसाठी_पब’. आकार १७०४ बाइट.

२०४८ ची सार्वजनिक पीईएम फाइल ४५१ बाइटांची असते. १७०४ म्हणजे खासगी. उघडली: एमआयआयईव्हीजी. ३ तारखेला मी शीर्षकावरून मोजताना हिला त्या सहा ‘प्रायव्हेट की’मध्येच मोजलं होतं, नावाकडे पाहिलंच नव्हतं. शीर्षक खरं सांगत होतं, नाव खोटं.

व्हेंडरसाठी म्हणजे कोणासाठी? ऑफिसच्या ईमेलच्या पाठवलेल्यांत शोधलं. सप्टेंबर २०१९, एसएमएस सेवा देणाऱ्या कंपनीला, “आपण मागितल्याप्रमाणे पब्लिक की सोबत जोडली आहे.” आणि जोडलेली ही. त्यांनी बरोबर तेच मागितलं होतं जे मागायला हवं. आपण नाव वाचून जोडली. जवळपास सहा वर्षं आपल्या वेबसाइटची खासगी किल्ली एका मेलबॉक्समध्ये, त्याच्या बॅकअपांत, कोण जाणे आणखी किती ठिकाणी पडून होती.

मुलगा हळूच म्हणाला, “ताई, म्हणजे कुणीही आपली साइट आहे असं भासवू शकलं असतं?” हो. आणि त्याहून माझ्या मनाला लागलं ते वेगळं. टीएलएस म्हणजे ब्राउझर आणि साइटमधलं बोलणं कुलूपबंद करायची पद्धत. तिच्या १.३ आवृत्तीत आणि ईसीडीएचई प्रकारच्या जोडणीत दर वेळी तात्पुरती किल्ली बनते, त्यामुळे नंतर सर्टिफिकेटची किल्ली फुटली तरी आधी रेकॉर्ड केलेलं संभाषण उलगडत नाही. पण जुन्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये साधी आरएसए देवाणघेवाणही चालू ठेवलेली होती. त्या वाटेने कुणी सभासद आला असेल आणि ते कुणी साठवलं असेल, तर या एका फाइलने ते वाचता येतं. खातेदारांत शेतमजूर आहेत, भाजीवाल्या मावश्या आहेत. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, त्यांनी आपल्यावर भरवसा ठेवलेला आहे.

संध्याकाळी साडेसहाला मॅनेजर साहेबांना समोर बसवून सगळं दाखवलं. लपवायचं नाही, यावर ते लगेच तयार झाले. उद्याची वाट बघायची नाही.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. ऑफिसातल्या बायका पूजा करून साडेअकराला आल्या. मी रात्री अडीचला घरी गेले होते, सकाळी परत.

क्रम असा ठेवला: आधी नवी किल्ली, मग नवं सर्टिफिकेट, ते लावून साइट उघडते याची खात्री, आणि मगच जुनं रद्द करण्याची मागणी. उलटं केलं असतं तर साइट बंद पडली असती. नवी किल्ली नव्या सर्व्हरवरच बनवली, पी-२५६ या लंबवर्तुळी वक्राची. खासगी भाग एकच ३२ बाइटांचा आकडा, सार्वजनिक भाग वक्रावरचा एक बिंदू: ०४ ही खूण आणि ३२-३२ बाइटांचे दोन अंक, मिळून ६५ बाइट. खासगीची अख्खी पीईएम फाइल २४१ बाइट. ती या मशीनबाहेर गेलेली नाही, जाणार नाही.

रद्द करायला कारण ‘किल्ली फुटली’ असं स्पष्ट दिलं. पुरावा म्हणून त्याच जुन्या किल्लीने सही केलेली विनंती जोडली. या कारणासाठी प्राधिकरणाला २४ तासांत रद्द करावंच लागतं. दुपारी चारच्या आत झालं. एसएमएसवाल्या कंपनीला मेल केला, ती फाइल काढून टाका म्हणून, आणि या वेळी ४५१ बाइटांची खरी सार्वजनिक जोडली, त्यांच्यासाठी वेगळी बनवलेली. पाठवण्याआधी मुलाने ती उघडून वाचली, मग मी वाचली.

१२ जून, गुरुवार

आता बंद असलेल्या दोन. पासफ्रेज नसतानाही बाहेरून बरंच वाचता येतं.

पहिली जुन्या घडणीची. शीर्षकाखाली दोन ओळी: ‘प्रॉक-टाइप ४, एन्क्रिप्टेड’ आणि ‘डीईके-इन्फो डीईएस-ईडीई३-सीबीसी’, पुढे सोळा अंकी मीठ (पासफ्रेजमध्ये मिसळायचा यदृच्छ आकडा). या पद्धतीत पासफ्रेज एमडी५ मधून काढून कुलपाची किल्ली बनवतात आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या काहीच नाहीत, म्हणजे कच्चा पासफ्रेज असेल तर आजच्या मशीनला तो ओळखायला फार वेळ लागत नाही.

दुसरी ‘एन्क्रिप्टेड प्रायव्हेट की’. ही गठ्ठ्यांत उघडून दाखवली तर आत पीबीकेडीएफ२ (पासफ्रेज फेऱ्यांवर फेऱ्या फिरवून किल्ली बनवायची पद्धत), मीठ आणि ०२ ०२ ०८ ००, म्हणजे २०४८ फेऱ्या, असं स्पष्ट दिसतं. आजच्या मानाने २०४८ कमीच.

ओपनएसएसएचच्या तिन्ही खासगी किल्ल्यांना पासफ्रेजच नाही. हे कळायला काही चालवावं लागत नाही. त्यांच्या बेस६४ मध्ये सुरुवातीला ‘ओपनएसएसएच-की-व्ही१’ आणि त्याच्यामागे ‘नन’, ‘नन’ असे दोन शब्द सरळ बसलेले असतात: सांकेतिक पद्धत नाही, पासफ्रेजची पद्धत नाही. मुलाने तिन्ही नजरेनेच ओळखल्या.

बंद दोन्हींच्या तारखा जुन्या सरांच्या काळातल्या. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. दुपारी फोन लावला.

“सर, दोन किल्ल्यांचे पासफ्रेज…”

“फोनवर सांगणार नाही बाई,” सर मधेच म्हणाले. “सोमवारी येतो मी.”

१६ जून, सोमवार

सकाळपासून पाऊस. सर सिंहगड रोडवरून पीएमटीने आले, छत्री बाहेर झटकली, चहा घेतला. मग लॅपटॉपसमोर बसले, आम्हाला दोघांना मागे व्हायला सांगितलं, आणि अकरा वर्षांपूर्वीचा पासफ्रेज एका दमात टाइप केला. पहिल्याच झटक्यात उघडली. “रोज सकाळी टाकायचो,” एवढंच म्हणाले.

जुन्या घडणीची निघाली १०२४ बिटांची. आधीच्या यादीत नसलेली, म्हणजे बारावी. दुसरी उघडली तेव्हा मात्र सर गप्प झाले. तिचा एसएचए यादीतल्या एका किल्लीशी जुळला. त्यांनी कुलूप लावलेली किल्ली, आणि तिचीच बिनकुलपाची प्रत त्याच फोल्डरमध्ये, ‘फायनल२’ या नावाने. ही कोणी केली याचा शोध मी घेतलेला नाही. सर्व्हर दर वेळी चालू करताना पासफ्रेज मागतो, कुणीतरी त्याला कंटाळलं असणार.

१०२४ ची काय करायची? मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने तिला २०१३ नंतर सहीसाठी मनाई केली. सार्वजनिकरीत्या फोडलेला सगळ्यात मोठा आरएसए आकडा ८२९ बिटांचा आहे, फेब्रुवारी २०२० मधला, म्हणजे १०२४ आता फार दूर राहिलेली नाही. मुलगा म्हणाला, “मग डिलीट?” सरांनी नकारार्थी मान हलवली. २०११ ते २०१४ चे कर्जाच्या कागदांचे चार वार्षिक बॅकअप याच किल्लीच्या सार्वजनिक भागाने बंद केलेले आहेत. ही गेली तर ते कायमचे गेले. किल्ली कमजोर आहे, पण आधी त्यातलं बाहेर काढून नव्याने बंद करायचं आणि मगच ती मोडायची.

२० जून, शुक्रवार

ज्ञानोबा-तुकोबांच्या दोन्ही पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, ऑफिसला जाणं शक्य नाही. पेनड्राइव्हवर फक्त सार्वजनिक भाग घेऊन काल घरी आले होते. खासगी एकही नाही. आजचं काम तेवढ्यावर होतं.

नऊ आरएसए किल्ल्यांचे नऊ ‘एन’. त्यांच्या ३६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा मसावि काढला. शाळेतला मसावि, दुसरं काही नाही. दोन किल्ल्यांत एक मूळ संख्या चुकून सामाईक असली तर दोन्ही एका क्षणात फुटतात. आमच्या पिटुकल्या ८६३३ च्या शेजारी ९७९७ ठेवा: वजा करून ११६४, मग ४८५, मग १९४, मग ९७. संपलं. दोन्हींचे अवयव हातात आले आणि कुठलीही किल्ली ‘फोडावी’ लागली नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरून गोळा केलेल्या सार्वजनिक किल्ल्यांवर हे केलं आणि टीएलएस सर्व्हरांपैकी ०.५ टक्क्यांच्या खासगी किल्ल्या काढून दाखवल्या. बरीचशी छोटी राउटरसारखी यंत्रं होती, जी पहिल्यांदा सुरू होताच पुरेसा यदृच्छपणा (अंदाज न बांधता येणारे आकडे) जमायच्या आत किल्ली बनवत होती.

आपल्या ३६ जोड्यांचा मसावि सगळीकडे १. शेजारशेजारच्या मूळ संख्यांची तपासणीही केली. ८६३३ मध्ये ती चूक आम्ही मुद्दाम ठेवली होती: वर्गमूळाच्या वरची संख्या ९३, तिचा वर्ग ८६४९, वजाबाकी १६, म्हणजे ४ चा वर्ग, म्हणून ९३ अधिक-उणे ४. एका पायरीत ९७ आणि ८९. हे फर्माने सतराव्या शतकात सांगितलं, आणि २०२२ मध्येही काही छापयंत्रांच्या किल्ल्या याच वाटेने उघडल्या. आपल्यात नाही.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या २००८ च्या कच्च्या किल्ल्यांच्या यादीशीही ताडलं. त्या काळात एका दुरुस्तीत चुकून यदृच्छपणा काढला गेला होता आणि एका आकाराच्या किल्ल्यांत ३२७६७ एवढेच प्रकार उरले होते. आणि २०१७ ची, चिपवर बनलेल्या सदोष किल्ल्यांची खूणही पाहिली, ज्या दोषामुळे एस्टोनियाला सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची सर्टिफिकेटं स्थगित करावी लागली. ती नुसत्या ‘एन’वरून ओळखता येते. दोन्हींत आपलं काही नाही. खालून टाळ-मृदंग ऐकू येत होता, खिडकीशी बसून यादी पुरी केली.

२३ जून, सोमवार

बारा वेगळ्या किल्ल्यांपैकी चालू कामाला लागतात फक्त तीन, आणि त्यांच्याही जागी नव्या बनवल्या. नव्या वहीत प्रत्येकीची एक ओळ: कशासाठी, कुठल्या मशीनवर, सार्वजनिक भागाचा एसएचए, कधी बनवली, कोण जबाबदार. सर्टिफिकेट नवं आलं की आतला एसएचए मागच्याहून वेगळा आहे का, हा रकाना मुद्दाम घातला. सर्टिफिकेटांचं आयुष्य आता टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर येणार आहे, २०२९ पर्यंत. नूतनीकरण मशीनच करेल, पण हा रकाना बघायलाच हवा.

बॅकअपांकडे वळलो. २०१२, २०१३, २०१४ उघडले. २०११ चा उघडेना.

बंद फाइलच्या डोक्यावरही वाचता येण्यासारखं असतं: कुणासाठी बंद केली ते. त्या जागी प्राप्तकर्त्याच्या सर्टिफिकेटचा क्रमांक असतो. तो गठ्ठ्यांतून काढला. आपल्या ११ सर्टिफिकेटांपैकी कुणाशीही जुळत नाही. म्हणजे २०११ ची किल्ली या फोल्डरमध्ये कधी नव्हतीच. क्रमांक कागदावर लिहून सरांना दिला.

२५ जून, बुधवार

सरांचा सकाळी आठला फोन. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत एक सीडी सापडली, वर त्यांच्याच अक्षरात ‘२०११ सर्टि.’ लिहिलेलं. दुपारी घेऊन आले. बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह शोधायला अर्धा तास गेला. दोनदा वाचली नाही, फडक्याने पुसून तिसऱ्यांदा लागली. आत दोन फायली. सर्टिफिकेट मुलाने उघडलं, मी कागदावरचा क्रमांक एकेक अंक वाचत गेले, तो पडद्यावर बोट ठेवून “हं” म्हणत गेला. शेवटच्या अंकापर्यंत जुळला.

दुसरी फाइल बंद आहे, जुन्या घडणीची. सर खुर्ची पुढे ओढून बसले, आम्ही दोघं मागे झालो.